ज्याचा पाय, त्याचा हात

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास गाडीचं मागचं डावं चाक निघालं. काढणारी घरातली मुलगी होती. वय सदतीस, काम लोकांचे कान तपासण्याचं, घरातलं नाव मुंगी. हे नाव लहानपणीच पडलं होतं; आपल्यापेक्षा मोठी वस्तू ओढत न्यायची तिला तेव्हापासून खोड.

चाक तिने भिंतीला टेकवलं आणि हात झटकले. "निघालं."

"निघणारच," बाबा म्हणाले. "चाक तर पंक्चरवालाही काढतो."

बाबा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ही बसायची तऱ्हा मुद्दामची होती. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली होती. समोर पाने पसरलेले असताना हात मोकळे ठेवले तर ते आपसूक तिकडे जातील हे त्यांना ठाऊक होतं, आणि आज त्यांनी हत्याराला हात लावायचा नाही असं ठरलं होतं.

ठरलं ते सकाळी चहाच्या वेळी. सोमवारपासून मुंगीला डोंगराखालच्या रुग्णालयात रुजू व्हायचं होतं. कामाची वेळ सकाळची, आणि इतक्या लवकर खाली उतरणारी बस नव्हती. घरची गाडी न्यायची, हे दोघांनाही मान्य होतं. चालवायची कोणी, यावर शनिवारपासून घरात धुसफूस चालली होती.

शनिवारी बाबा तिला बाजारातून घेऊन येत होते. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की मागून पत्र्यावर सुरी घासल्यासारखा आवाज येई. मुंगी म्हणाली, "बाबा, आवाज येतोय." बाबा म्हणाले, "कसला आवाज?" पुढच्या वळणावर ती पुन्हा म्हणाली. बाबांनी पुन्हा तेच विचारलं. घरी आल्यावर तिने चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं. मागच्या ब्रेकचे पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागत होतं. ती तशीच दुकानात गेली, नवे पॅड घेऊन आली आणि जेवताना शांतपणे म्हणाली, "उद्यापासून गाडी मी चालवणार. तुम्ही नाही."

 सकाळी चहाचा कप खाली ठेवून बाबा म्हणाले, "चालव. पण घरचा नियम माहीत आहे ना? ज्याचा पाय, त्याचा हात."

नियम त्यांनीच केला होता. नोकरीत आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याने बसवलेल्या ब्रेकवर पाय ठेवला. मागे पन्नास माणसं आणि पुढे घाट. घरच्या गाडीला ते चालणार नव्हतं. घरची गाडी जो घाटात घालील त्याने तिचे ब्रेक स्वतः बसवायचे, आणि पहिली चक्कर स्वतः एकट्याने मारायची. मुंगीच्या दोन्ही भावांनी ते केलं होतं. दोघेही आता दूर होते. तेव्हा मुंगीकडे काम होतं टॉर्च धरण्याचं.

"अंधार पडायच्या आत झालं तर किल्ली तुझी," बाबा म्हणाले. "नाही झालं तर पॅड मी बसवीन, आणि सोडायलाही मीच येईन. रोज."

"आणि मध्ये बोलायचं नाही," मुंगी म्हणाली.

"हात लावणार नाही. बोलायचं नाही असं कुठे ठरलंय?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हात मांडीखाली ठेवता येतो. जिभेचं काय करणार?"

आता आई पायरीवर ताट मांडीवर घेऊन वाटाणे सोलत होती आणि कुंपणाला टेकून शेजारचे न्हावीकाका उभे होते. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून कुंपणाला टेकणं हाच त्यांचा व्यवसाय होता.

"मी काय म्हणतो," न्हावीकाका म्हणाले, "एवढा आटापिटा कशाला? सरक जरा. एका हाताचं काम आहे."

"काका, तुम्ही हात लावलात तर उद्या माझ्या जागी कान तपासायला तुम्हाला जावं लागेल."

"नको गं बाई. मी जन्मभर कानाच्या कडेकडेने गेलो. आत शिरायची हिंमत नाही केली."

मुंगीने गाडी आधीच नीट उभी केली होती. पुढच्या दोन्ही चाकांना विटा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, कारण काम मागच्याच ब्रेकचं होतं आणि ओढलेल्या हँडब्रेकने तो उघडलाच नसता. जॅकवर उचलल्यावर खाली लोखंडी घोडी सरकवून तिने गाडी तिच्यावर टेकवली आणि एका बाजूने ढकलून पाहिली. बाबांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत याचा अर्थ शाबासकी असा होता.

चाकाच्या जागी आता डिस्कची चकती उघडी पडली होती, आणि तिच्या कडेला चिमट्यासारखा बसलेला कॅलिपर. त्याच्या खालच्या बोल्टने पहिली झुंज दिली. पाना लावून तिने जोर केला, हलला नाही. गुडघा टेकून केला, हलला नाही. न्हावीकाकांनी तोंड उघडलं, आईने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी ते मिटलं. मुंगीने बोल्टवर तेल मारलं, नळाखाली हात धुतले, घोटभर पाणी प्यायली आणि परत येऊन पाना जमिनीला समांतर लावून त्यावर टाच ठेवली. मग सगळं वजन दिलं. बोल्ट करकरला आणि सुटला.

"टाच!" बाबा म्हणाले. "धाकट्यानेही टाचच दिली होती."

"आणि थोरल्याने?"

"थोरल्याने पाना मोडला."

कॅलिपर वर उचलून तिने तो सुतळीने स्प्रिंगला बांधला, ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचं ओझं येऊ नये म्हणून. जुने पॅड बाहेर काढले. बाहेरच्यावर थोडा थर शिल्लक होता. आतला पार गेला होता. नुसती लोखंडी पट्टी, आरशासारखी चकाकणारी. तिने तो बाबांसमोर धरला.

बाबांनी एक हात मांडीखालून काढला, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि हात परत जागेवर ठेवला.

"यावर तुम्ही आईला दवाखान्यात घेऊन गेलात," मुंगी म्हणाली.

"दोनदा," आई म्हणाली. वाटाण्याची शेंग तिने जरा जोरातच मोडली.

चकतीवर बारीक रेघा होत्या, पण खोल नव्हत्या. तिने तारेच्या ब्रशने पॅडच्या खाचा घासून काढल्या. काळी भुकटी बसल्यावर ओल्या फडक्याने पुसली. आता खरं काम राहिलं होतं. जुने पॅड झिजले तसा कॅलिपरमधला, पॅड दाबणारा पिस्टन त्यांच्या मागोमाग बाहेर आला होता. नवे पॅड जाड. ते बसायचे तर पिस्टन पुन्हा आत जायला हवा.

"क्लॅम्प लाव," बाबा म्हणाले. "मधे जुना पॅड ठेव आणि आवळ. ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडलंस का?"

"उघडलं."

"मग आवळ. लोण्यासारखा जातो आत."

मुंगीने क्लॅम्प लावला, मधे जुना पॅड ठेवला आणि दांडी फिरवायला लागली. पिस्टन हलेना. तिने आणखी पीळ दिला.

"जोर कर," बाबा म्हणाले. "लाजू नकोस त्याला."

तिने दोन्ही हातांनी दांडी धरली. क्लॅम्पचा पाठीचा कणा किंचित वाकलेला दिसला. आणि कॅलिपरच्या आतून आवाज आला. छोटा, कोरडा. कट्.

मुंगी थांबली.

"थांबलीस का?" बाबांनी विचारलं.

"आवाज आला."

"कसला आवाज?"

आईचे हात शेंगेवर थांबले. कुंपणापाशी न्हावीकाका पायांकडे पाहू लागले. आवाज त्यांच्यापर्यंतही पोचला होता. बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कालपासून जे ते मानायला तयार नव्हते ते त्यांना कोणी न सांगता कळलं. ते खुर्चीत मागे सरकून बसले.

"सगळ्या दुनियेचे कान तपासते," आई हळू म्हणाली, "दिव्याखाली मात्र अंधार."

"आई, आत्ता नको." मुंगीने क्लॅम्प सैल केला. काढून बाजूला ठेवला. पिस्टन होता तिथेच होता. आतून काय तुटलं, काय सरकलं, की नुसताच मुरलेला गंज सुटला, हे बाहेरून दिसणं शक्य नव्हतं.

आईने ताट खाली ठेवलं. "काय हो," ती बाबांना म्हणाली, "तुम्ही मुद्दाम तर नाही ना चुकीचं सांगितलंत? गाडी हातची जायला नको म्हणून?"

बाबांनी मुंगीकडे बोट केलं.

"हिला मी अडवीन," ते म्हणाले. "रुसेन, भांडेन, किल्ली लपवीन. पण ब्रेकशी खोटं नाही बोलणार. पुढची चाकं मी अशीच केली आहेत. दोन्ही पोरांनी पुढचीच केली. तेव्हाच्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक होते. या गाडीच्या मागच्या चाकाला आजवर कोणी हात लावलेला नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत आहे असं वाटलं होतं."

मुंगीने ते ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि टॉर्च पिस्टनवर धरून पाहत होती. पुढच्या चाकाचा पिस्टन तिने भावांच्या वेळी पाहिला होता: वाटीसारखा, गुळगुळीत. हा तसा नव्हता. याच्या तोंडावर अधिक चिन्हासारख्या आडव्याउभ्या खाचा होत्या.

"खाचा कशाला असतील?" ती स्वतःशीच म्हणाली.

"डिझाईन," न्हावीकाका म्हणाले. "आजकाल सगळ्याला डिझाईन असतं. माझा मुलगा गिऱ्हाइकाच्या मानेवर वीज काढतो."

तिने नवा पॅड हातात घेतला आणि उलटा केला. पाठीवर वाटाण्याएवढा लोखंडी उंचवटा होता. दुसरा पाहिला, त्याला नव्हता. म्हणजे उंचवटा फक्त आतल्या पॅडला, पिस्टनला टेकणाऱ्या बाजूला. तिने पॅड पिस्टनजवळ नेला. उंचवटा खाचेत बरोबर बसत होता.

तिने तो काढून पुन्हा बसवून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, खुंटी कशाला मारतात?"

"कशाला म्हणजे? हलू नये म्हणून."

"बरोबर. पॅडची ही खुंटी पिस्टनला फिरू देत नाही. मग जे फिरतच नाही त्याला खुंटी कशाला हवी?"

बाबा पुढे झुकले. हात मांड्यांखालून केव्हाच निघाले होते.

"फिरतो तो," ते म्हणाले.

"फिरतो. याला दाबायचं नाही. स्क्रूसारखा पिळून आत न्यायचा. हँडब्रेक याच्याच पोटात असणार, मागे ती केबल येते आहे बघा. म्हणून पुढच्यासारखा नाही."

"हँडब्रेक पोटात," बाबा म्हणाले. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारला. "आणि आपण पोटावर पाय दिला."

"आपण नाही. दांडी मी आवळली."

"सांगितलं कोणी?"

"पुरे झालं," आई म्हणाली. "पाप नंतर वाटून घ्या. अंधार पडतोय का बघा."

अंधाराला अजून वेळ होता, पण ऊन कुंपणावर चढलं होतं. हत्यारांत पिस्टन फिरवायचं काही नव्हतं. मुंगीने लांब तोंडाची पक्कड घेतली, तिची दोन टोकं फाकवून समोरासमोरच्या खाचांत रोवली आणि तळव्याने दाबत उजवीकडे पीळ दिला. पक्कड निसटली. बोटाचं साल निघालं. तिने बोट तोंडात घातलं, थुंकली आणि पुन्हा पक्कड रोवली. यावेळी पिस्टन हलला. दिसेल न दिसेल इतकाच. पण हलला.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"जातोय."

"लोण्यासारखा?"

"दगडी लोण्यासारखा."

पाव वळसा, पक्कड काढायची, पुन्हा रोवायची, पाव वळसा. न्हावीकाकांनी मोजायला सुरुवात केली आणि मग कंटाळून सोडली. शेवटी पिस्टन तळाशी बसला. खाच खुंटीसमोर येईल असा तिने तो थोडा मागे घेतला, सरकत्या पिनांना ग्रीस लावलं, पॅड बसवले, कॅलिपर खाली घेतला. बोल्ट आवळायच्या आधी तिने तो बाबांना दाखवला. त्यांनी नुसती मान हलवली.

उजवी बाजू पटापट झाली. तिथे क्लॅम्पला हातच लावायचा नव्हता. पिस्टन पहिल्या पिळापासून निमूट आत जात राहिला, आणि त्यामुळेच मुंगीच्या कपाळाला आठी पडली. एकाच गाडीचे दोन पिस्टन. एक इतका सहज जातो, दुसरा इतका अडतो. गंजामुळे असेल. त्या आवाजामुळेही असेल.

चाकं चढवण्याआधी ती गाडीत बसली आणि ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. आईने "अगं बाई" म्हटलं.

"असंच असतं," बाबा आणि मुंगी एकदमच म्हणाले.

दाबत राहिल्यावर पॅड चकतीला भिडले आणि पायाखाली ब्रेक हळूहळू घट्ट झाला. डब्यातलं ऑइल पाहून तिने झाकण लावलं. मग हँडब्रेक ओढला, सोडला, ओढला, सोडला, तो आपल्या जागी बसेपर्यंत. शेवटी ओढलेलाच ठेवून उतरली आणि डावी चकती दोन्ही हातांनी धरून फिरवायला गेली. फिरली नाही.

"धरला," न्हावीकाका म्हणाले. "झालं की! मिळाली किल्ली."

"हाताला धरला," मुंगी म्हणाली. "हात म्हणजे उतार नव्हे."

बाबांनी खिशातून किल्ली काढली होती. तिचं वाक्य ऐकून ते थांबले. मग किल्ली तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "पोरं एवढं बोलली नव्हती. बसली आणि सुटली."

"त्यांच्या ब्रेकने आवाज केला नव्हता."

चाकं चढवली, नट आवळले, गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा आवळले. विटा काढल्या. दिवेलागणीची वेळ झाली होती. बाबा खिडकीपाशी आले आणि भावांना सांगितलं होतं तेच तिलाही सांगू लागले. आधी वरच्या सपाटीवर जायचं. हळू दाबायचा, मग मध्यम, मग जोरात. गाडी एका अंगाला ओढते का पाहायचं. मग गल्लीच्या उतारावर यायचं. हा उतार घरासमोरून सुटून खाली पाण्याच्या टाकीच्या भिंतीपर्यंत जात होता. मध्यावर थांबायचं. हँडब्रेक ओढायचा. गिअर काढायचा. आणि मग पाय उचलायचा.

"उचलायचा, पण लांब न्यायचा नाही," बाबा म्हणाले. "पाय ब्रेकच्या वरच. सरकली की दाब."

"आणि सरकली तर उद्या?"

बाबांनी हात छतावर ठेवला. "सरकली तर उद्या कोणीच नाही नेणार. ना तू, ना मी. तू रुग्णालयाला फोन करशील, आणि मी तुझ्यासमोर खुर्चीवर बसेन. काय ते यंत्र कानाला लावायचं ते लाव."

"आणि नाही सरकली तर?"

"तर मग तू रोज गाडी नेशील. मी घरी रेडिओ ऐकेन."

"रेडिओ गल्लीला ऐकू येतो," आई म्हणाली. "तुम्ही सोडून."

मुंगी हसली. तिने पट्टा लावला. बाजूच्या सीटवर बसायला आईने दार उघडलं होतं. बाबांनी ते बाहेरून लावून घेतलं.

"पहिली चक्कर एकट्याने," ते म्हणाले.

"माझी मुलगी आहे."

"म्हणूनच."

गाडी सपाटीवर गेली. तिघं फाटकापाशी उभे राहिले. ब्रेकचे लाल दिवे दूर एकदा लागले, पुन्हा लागले, तिसऱ्यांदा लागले तेव्हा गाडीचं नाक खाली झुकलं आणि ती सरळ रेषेत थांबली. वळून ती परत आली, फाटकासमोरून गेली, आणि मुंगीने त्यांच्याकडे न पाहता ती उतारावर घातली.

"घासतंय का काही?" बाबांनी विचारलं.

आईने कान दिला. "नाही. काहीच नाही."

"नक्की?"

"माझे कान शाबूत आहेत."

उताराच्या मध्यावर गाडी थांबली. लाल दिवे पेटलेले होते. इंजिन चालू होतं. खाली टाकीची भिंत संध्याकाळच्या उजेडात पांढुरकी दिसत होती. गल्ली रिकामी होती. न्हावीकाकांनी आधीच पुढे जाऊन सायकलवाल्याला थोपवून धरलं होतं.

"हँडब्रेक ओढला," आई म्हणाली. "कर्र वाजलं."

बाबांना ते ऐकू आलं नव्हतं. त्यांनी फाटकाचा गज धरला. डोळे दिव्यांवर होते. दिवे लाल आहेत तोवर तिचा पाय ब्रेकवर आहे, एवढं त्यांना कानांशिवाय कळत होतं.

बराच वेळ दिवे तसेच राहिले.

मग विझले.

गाडी अजून होती तिथेच होती.